दुष्काळ, प्लेग आणि पंडिता रमाबाईंचे केडगाव

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की त्यांचे संस्कृतवरील प्रभुत्व, ख्रिस्ती धर्माचा स्वीकार आणि विधवांसाठी काढलेले शारदा सदन या तीन गोष्टी आठवतात. वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी त्या १८८३ मध्ये समुद्र ओलांडून इंग्लंडला गेल्या होत्या, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. त्यांना डॉक्टर होता आले नाही. तरीही पुढील चार दशकांत दुष्काळाने आणि रोगराईने मोडून पडलेल्या हजारो स्त्रिया व मुली त्यांच्या आश्रयाने जगल्या. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांनी उभारलेला मुक्ती हा ख्रिस्ती समाज प्रार्थनेसाठी जसा ओळखला जातो, तसाच तो शुश्रूषेसाठीही ओळखला जावयास हवा.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे नामवंत पंडित. आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविल्याबद्दल त्यांना स्वजातीयांचा रोष पत्करावा लागला होता. पुढे लक्ष्मीबाईंनीच पहाटे उठवून लहानग्या रमेला पाठ दिले. हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पुराणे सांगत फिरे आणि मिळालेल्या दक्षिणेवर निर्वाह करी. शरीरकष्टाच्या कामाची सवय कोणालाच नव्हती. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा भांडीकुंडी विकली गेली, रानातील पाने खाऊन दिवस काढावे लागले आणि थोड्याच अवधीत वडील, आई व थोरली बहीण यांचा अंत झाला. उरलेली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास अर्धपोटी अवस्थेत उत्तरेकडे पायी निघाले.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुणीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या उपाध्या दिल्या. दोन वर्षांनी श्रीनिवासही वारला. रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातिबंधन झुगारून विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने बिपिनबिहारींचा बळी घेतला. चोवीस वर्षांचे वयही पूर्ण झालेले नव्हते, तोवर उपासमार आणि साथीचे रोग यांनी रमाबाईंचे बहुतेक सारे घर रिकामे केले होते. पुढच्या आयुष्यात भुकेलेल्या व आजारी स्त्रीकडे त्यांनी कधी दुरून पाहिले नाही, त्याचे मूळ या वर्षांत आहे.

मुलीला घेऊन त्या पुण्यात आल्या आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या वर्तुळाच्या साह्याने त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच वर्षी, १८८२ मध्ये, सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. साक्ष मराठीत होती. मुलींच्या शाळांसाठी स्त्री शिक्षिका व स्त्री तपासनीस हव्यात, ही त्यांची पहिली मागणी. दुसरी मागणी स्त्री डॉक्टरांची होती. आपले दुखणे परपुरुषाला सांगण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या स्त्रियांची संख्या या देशात मोठी आहे, म्हणून वैद्यकीचे शिक्षण स्त्रियांना खुले करावे, असे त्यांनी आयोगाला सांगितले. हंटर यांच्यावर या साक्षीचा इतका प्रभाव पडला की तिचे इंग्रजी भाषांतर स्वतंत्रपणे छापले गेले. भारतीय स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाने जो निधी उभा राहिला, त्यामागील प्रेरणांमध्ये या साक्षीची गणना केली जाते.

जे दुसऱ्यांसाठी मागितले ते स्वतः शिकावे, या निश्चयाने रमाबाई दुसऱ्याच वर्षी इंग्लंडला निघाल्या. प्रवासखर्चाचा काही भाग त्यांच्या ‘स्त्रीधर्मनीती’ या मराठी पुस्तकाच्या विक्रीतून उभा राहिला. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला. पण श्रवणशक्ती मंदावत चालली होती. व्याख्याने ऐकणे आणि रुग्णाची छाती तपासणे ज्याच्या कानांवर अवलंबून, त्या व्यवसायाचे दार बहिरेपणामुळे बंद झाले. याच काळात भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील आपले एक केंद्र दाखविले. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांना तेथे औषधपाणी, काम आणि माणुसकीची वागणूक मिळत होती. अशा स्त्रियांची सेवा धर्मकृत्य म्हणून होऊ शकते, हे रमाबाईंना नवे होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. त्या धर्मांतराची तात्त्विक कारणे पुष्कळ चर्चिली गेली आहेत. फुलहॅमच्या त्या भेटीला त्यात मोठे स्थान आहे, हे रमाबाईंनी स्वतः नोंदवून ठेवले आहे.

बाप्तिस्मा घेतला तरी भगिनीसंघाची प्रत्येक आज्ञा त्यांनी मानली नाही. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांनी वरिष्ठांशी पत्रातून दीर्घ वाद घातले. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या गणित, विज्ञान व इंग्रजी शिकत आणि संस्कृत शिकवीत.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या, त्याला निमित्तही वैद्यकीचेच होते. त्यांच्या नात्यातील आनंदीबाई जोशी यांना ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात पदवी मिळाली, त्या समारंभास रमाबाई उपस्थित होत्या. जे एकीला साधले नाही ते दुसरीने साधले होते. पण आनंदीबाईंना क्षयाने ग्रासले होते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील नेमणुकीवर रुजू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या रमाबाईंच्या ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ या इंग्रजी पुस्तकाला फिलाडेल्फियाच्या त्याच महाविद्यालयाच्या अधिष्ठात्या रेचल बॉडली यांची प्रस्तावना आहे.

अमेरिकेत रमाबाईंनी बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला, मद्यपानविरोधी चळवळीतील फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी मैत्री जोडली आणि गावोगावी व्याख्याने दिली. ठिकठिकाणी त्यांच्या नावाची मंडळे निघाली. बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने भारतातील संस्थेचा दहा वर्षांचा खर्च उचलण्याचे मान्य केले. वर्गणीदारांत चर्चमधील सामान्य स्त्रियांचा भरणा मोठा होता. त्या पैशांतून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती.

सदन पुढील वर्षी पुण्यास हलले. १८९३ मध्ये, तेथे मुलींवर ख्रिस्ती संस्कार होतात या आरोपावरून मोठे वादळ उठले. ‘केसरी’ने टीका केली, सल्लागार मंडळातील रानडे व भांडारकर बाहेर पडले आणि पालकांनी अनेक मुली परत नेल्या. इतिहासकारांनी या प्रकरणावर भरपूर लिहिले आहे. येथे इतकेच पुरे की यानंतर रमाबाईंना सुशिक्षित पुणेकर समाजाचा आधार उरला नाही आणि त्यांनी तो मागितलाही नाही. सदनाला उत्पन्नाचे साधन हवे म्हणून पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव स्थानकाजवळ सुमारे शंभर एकर जमीन घेतली गेली. तेथे फळबाग करावयाची होती.

फळे धरण्याआधीच १८९६ चा दुष्काळ आला. त्याचा मोठा तडाखा मध्य प्रांताला बसला. आजचे छत्तीसगड, रायपूर व बिलासपूर जिल्ह्यांसह, तेव्हा याच प्रांतात होते. दुष्काळ म्हणजे काय हे ज्यांनी अंगावर सोसले होते, त्या रमाबाईंना पुण्यात बसून राहणे शक्य झाले नाही. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सरकारी अनाथगृहे व मदतकेंद्रे पाहिली. धान्य मिळत होते, पण ते निकृष्ट व अपुरे असे. आणि त्याहून भयंकर म्हणजे एकाकी तरुण विधवा व पोरक्या मुली तेथे पूर्णपणे असुरक्षित होत्या. त्यांना फूस लावून नेणारी माणसे अशा जागांभोवती घुटमळत असत. आपले हे अनुभव रमाबाईंनी इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केले. भुकेने मरणारी स्त्री आणि विकली जाणारी स्त्री यांतील अंतर त्यांच्या लेखी फार थोडे होते. तीनशेच्या आसपास मुली व तरुण स्त्रिया त्यांनी सोबत आणल्या.

आणलेल्या मुलींची प्रकृती दयनीय होती. हाडांचे सापळे, अंगभर खरूज व जखमा, सुजलेले डोळे, केसांत किडे. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम पोटभर अन्न मानवत नाही. पातळ पेजेपासून हळूहळू वाढवावे लागते. शिवाय ज्यांनी महिनोन्महिने अन्नासाठी हिसकाहिसकी केली, त्यांना पंगतीत शांत बसविणे हेही एक कामच होते. हे सारे करण्यासाठी रमाबाईंकडे शिकलेल्या परिचारिकांचे पथक नव्हते. शारदा सदनात वाढलेल्या विधवा व मुली होत्या. मोठ्या मुलींकडे लहान मुलींचे गट सोपवून न्हाऊमाखू घालणे, जखमा धुणे, भरविणे आणि रात्री उशाशी बसणे ही कामे वाटून दिली गेली. उच्चवर्णीय घरांतून आलेल्या ज्या विधवांना कालपर्यंत परक्या जातीचा स्पर्श निषिद्ध होता, त्या आता कोणत्याही जातीच्या मुलीच्या जखमा बांधीत होत्या. मुक्तीमधील सर्वांत मोठा बदल कोणता, असे विचारल्यास प्रार्थनागृहापेक्षा या आजारी मुलींच्या ओळीकडे बोट दाखवावे लागेल.

दुष्काळापाठोपाठ प्लेग आला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत दिसलेली ही साथ वर्षअखेरीपर्यंत पुण्यात पोहोचली. मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस तयार करून ती आधी स्वतःला टोचून घेतली, पण लस सर्वत्र पोहोचण्यास अवकाश होता. तोवर सरकारचा भर रुग्णांना घराबाहेर काढून वेगळे ठेवण्यावर होता. फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला आणि पुण्यात वॉल्टर रँड यांच्या हाती कारभार आला. गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरोघर शिरून तपासणी करू लागल्या. याच दिवसांत प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

दुष्काळग्रस्त मुलींचा एवढा मोठा जमाव शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा रमाबाईंनी त्यांना केडगावच्या शेतावर हलविले. इमारती नव्हत्या. तात्पुरत्या छपरांखाली उन्हाळा काढावा लागला. बाग म्हणून घेतलेली जागा अशा रीतीने नाइलाजाने छावणी बनली. गर्दीपासून दूर मोकळ्या हवेत राहिल्याने साथीपासून जे संरक्षण मिळाले, ते अधिकाऱ्यांच्या हुकुमाचे एक अनपेक्षित फळ म्हटले पाहिजे.

पुण्यातील सरकारी प्लेग रुग्णालयाशी मात्र रमाबाईंचा उघड संघर्ष झाला. त्यांच्या संस्थेतील एका मुलीला तेथे नेण्यात आले होते. तिची हेळसांड झाली आणि ती वाईट हाती पडली, अशी रमाबाईंची तक्रार होती. तपासणीच्या वेळी स्त्रियांच्या लज्जेची पर्वा केली जात नाही आणि तरुण स्त्रियांच्या संरक्षणाची कोणतीही व्यवस्था नाही, हे त्यांनी मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती नियतकालिकात नावानिशी लिहिले. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये असलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे सैनिकांवर आरोप केले. पण पुरावा देण्यास कोणी पुढे न आल्याने मायदेशी परतताच त्यांना जाहीर क्षमायाचना करावी लागली. २२ जून रोजी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वातावरण अधिकच तापले. रमाबाईंनी आपले म्हणणे सोडले नाही.

या भूमिकेचे मोल समजण्यासाठी त्यांची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. चार वर्षांपूर्वी पुण्याच्या राष्ट्रीय वृत्तीच्या पुढाऱ्यांनी त्यांना धर्मभ्रष्ट ठरविले होते. आता सरकारविरुद्ध लिहिल्यामुळे इंग्रज अधिकारी रुष्ट झाले आणि काही मिशनरी स्नेह्यांनाही ते रुचले नाही. दोन्ही बाजूंना परकी झालेली ही स्त्री ज्यांच्या वतीने बोलत होती, त्या मुलींना कोणतीच बाजू नव्हती. रुग्णाला वेगळे ठेवणे आवश्यक आहे, पण वेगळे ठेवलेल्या स्त्रीची जबाबदारी कोणाची, हा त्यांचा प्रश्न होता. हंटर आयोगापुढील साक्षीचाच हा पुढचा भाग होता.

२४ सप्टेंबर १८९८ रोजी केडगाव येथे मुक्ती सदनाची रीतसर स्थापना झाली. लगेच १८९९-१९०० चा दुष्काळ आला, त्यात गुजरात व राजपुतान्यातून पुन्हा शेकडो मुली आणल्या गेल्या. १९०० च्या सुमारास तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. एका लहान गावाएवढा हा समाज जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांचा होता. दौंडकडील हा पट्टा कमी पावसाचा. म्हणून मोठ्या विहिरी खोदण्यात आल्या. पिण्याचे पाणी, स्नान, कपडे धुणे, भाजीपाला आणि दूधदुभते यांची व्यवस्था बाहेरच्या मदतीवर न ठेवता आवारातच केली गेली. विणकाम, शिवण, तेलघाणा, छापखाना, शेती असे उद्योग सुरू झाले. रुग्णशुश्रूषा हीसुद्धा त्यांतीलच एक शिकण्याची व करण्याची गोष्ट होती. आज ज्याला आरोग्य-संवर्धन म्हणतात, त्याचा बहुतेक भाग औषधाच्या बाटलीत नसून विहीर, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांत असतो. केडगावात ही तिन्ही ठिकाणे स्त्रियांच्याच हाती होती.

ज्यांना अन्यत्र जागा नव्हती त्यांच्यासाठी वेगळी घरे झाली. फसविल्या गेलेल्या व टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. त्यांच्यातील कित्येकजणी आजार घेऊनच येत. फुलहॅममध्ये पाहिलेले चित्र पंधरा-सोळा वर्षांनी महाराष्ट्राच्या माळरानावर उतरले होते. वृद्धांची निराळी सोय होती. आंधळ्या मुलींची संख्याही कमी नव्हती. देवी, डोळ्यांचे रोग आणि उपासमार यांमुळे त्या काळी अंधत्व सर्रास येई. त्यांच्यासाठी मनोरमाबाईंनी अमेरिकेतील शिक्षणानंतर ब्रेल लिपीचे वर्ग सुरू केले. आंधळ्या मुली वाचू लागल्या, वेताचे काम करू लागल्या आणि इतरांना शिकवू लागल्या.

या सर्वांना जोडणारा धागा उपासनेचा होता, हे लपविण्यात अर्थ नाही. आवारात भव्य प्रार्थनामंदिर बांधले गेले. शारदा सदनाच्या प्रारंभीचा धार्मिक तटस्थतेचा नियम मुक्तीत नव्हता. ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती, जरी कोणत्याही एका पंथाशी तिने स्वतःला बांधून घेतले नाही. १९०५ मध्ये तेथे उसळलेल्या धार्मिक जागृतीची वार्ता परदेशांतील चर्चमंडळींपर्यंत पोहोचली आणि मुक्तीतील स्त्रियांचे गट आसपासच्या गावांत प्रचारास जाऊ लागले. भुकेलेल्या मुलीला अन्नाबरोबर धर्मही दिला गेला, तिला निवडीचे स्वातंत्र्य कितपत होते, हा टीकाकारांचा आक्षेप आजही निकालात निघालेला नाही आणि तो बाजूला सारता येणार नाही. मात्र १८९७ मध्ये या मुलींपुढे रमाबाईंच्या छपराखेरीज दुसरे कोणते छप्पर होते, याचा विचार केल्याशिवाय हा आक्षेप पुरा होत नाही. टीका करणाऱ्या शहराने त्या वर्षी तेवढ्या मुलींसाठी दुसरे घर उघडले नव्हते.

उत्तरायुष्यात रमाबाई केडगावाबाहेर फारशा पडल्या नाहीत. बहिरेपणा वाढला होता. अल्पशिक्षित स्त्रियांनाही समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबल आणण्याचे काम त्यांनी हाती घेतले आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषा त्यासाठी शिकून घेतल्या. अक्षरजुळणी व छपाई मुक्तीतील स्त्रियांनीच केली. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. हे त्याच सरकारचे पदक होते, ज्याच्या प्लेग रुग्णालयाविरुद्ध त्यांनी लेखणी उचलली होती.

संस्थेची सूत्रे मनोरमाबाईंकडे जातील असे सर्वांनी धरले होते. पण २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. एकुलत्या एका मुलीच्या मृत्यूनंतर रमाबाई जेमतेम आठ-नऊ महिने जगल्या. त्या काळातही भाषांतराचे काम त्यांनी थांबविले नाही. ते हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथेच त्यांची प्राणज्योत मालवली.

भारतीय टपाल खात्याने १९८९ मध्ये त्यांच्या नावे तिकीट काढले. केडगावची संस्था आता पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने ओळखली जाते आणि निराधार स्त्रिया व मुले आजही तेथे राहतात.